शनिवारची जुडी

बार सोनलच्या छातीवर टेकला आणि वर यायचं नाव घेईना.

सोनल म्हणजे माझी लेक. तिनं बाकावर उताणं पडून दोन्ही हातांनी तो लोखंडी बार वर ढकलायचा आणि तिच्या डोक्यामागं उभं राहून फरहीननं तो सांभाळायचा, असा दोघींचा रोजचा सराव. त्या दिवशी फरहीननं हात पुढं केले खरे, पण मध्येच तिला खोकल्याची अशी उबळ आली की पोरगी गुडघ्यांवर हात टेकून वाकलीच. मी पलीकडं मारुतीच्या कोनाड्यात उदबत्त्या लावत होते.

"फरी! धर! अगं धर की!" सोनल ओरडली.

वळून बघते तर सोनलचं तोंड लालभडक, हात लटपटायला लागलेले.

"नाना! अहो नाना, पोरगी दबली!"

निकम नाना कुठल्या कोपऱ्यातून धावत आले देव जाणे. साठी उलटलेला माणूस, पण जुना पैलवान. एका हिसक्यात त्यांनी बार उचलला आणि वर खाचेत ठेवला. सोनल उठली, छाती चोळली आणि स्वतःचं सोडून फरहीनच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. फरहीन खाली फरशीवर बसली होती. श्वास आत जाताना बारीक शिट्टी वाजत होती. तिनं पिशवीतून दम्याचा पंप काढला, तोंडात मारला आणि डोळे मिटून घेतले.

"कोण मारतंय रे तो फवारा?" नाना गरजले.

आरशासमोर संदेश उभा होता, हातात स्प्रेचा डबा. व्यायाम उरकून तो थेट मोबाइलच्या दुकानात कामाला जायचा. जाण्याआधी बगलेत, छातीवर, मानेवर असा काही फवारायचा की डास मारायला आलाय की काय वाटावं.

"मी रोजच मारतो नाना," तो चाचरत म्हणाला.

"रोज मारतोस आणि आज पोरगी मेली असती!"

मीही दोन शब्द सुनावले त्याला. माझी लेक बाराखाली सापडली होती, मी काय गप्प बसणार होते? तोवर कोनाड्यातल्या माझ्या उदबत्त्या छान पेटल्या होत्या आणि धूर वर पत्र्यापर्यंत चढला होता. शनिवार होता तो.

ही गोष्ट कऱ्हाडची. पंधरा-सोळा वर्षं तरी झाली असतील. मार्केट यार्डाजवळच्या एका जुन्या गुळाच्या गोदामात निकम नानांची व्यायामशाळा होती. आधी नुसती तालीम, लाल माती आणि जोर-बैठका. मग जमाना बदलला, तसा नानांनी मातीवर कोबा घातला, बाहेरगावाहून यंत्रं आणली, पोरींना वेगळी वेळ न देता सगळ्यांच्यात घेतलं. लोकं जिम म्हणायची, नाना व्यायामशाळाच म्हणायचे. सगळं बदललं, पण भिंतीतला मारुती मात्र जागचा हलला नाही.

आणि त्या मारुतीची उदबत्ती माझी. माझं घर म्हणजे उदबत्तीचा कारखानाच समजा. बांबूच्या काडीवर कोळशाच्या भुकटीचं पीठ वळायचं, वाळवायचं, मग सुगंधी तेलात बुडवून पुन्हा वाळवायचं. मालक गेल्यावर त्याच काड्यांवर मी सोनलला वाढवली. आमच्या घरी भाताला केवड्याचा आणि आमटीला मोगऱ्याचा वास यायचा म्हणे. म्हणे म्हणजे, येणारे-जाणारे सांगायचे. मला स्वतःला कसलाच वास येत नसे. इतकी वर्षं त्यातच बसून नाक मेलं होतं माझं.

सोनलनं व्यायामशाळेत नाव घातलं तेव्हाच मी नानांना सांगितलं होतं, "पोरीला तुमच्या स्वाधीन करते. मारुतीला दर शनिवारी माझ्याकडची जुडी." तेवढ्या निमित्तानं मला शनिवारी आत जायला मिळायचं, लेकीचा सराव बघायला मिळायचा. बाकी बायका लेकींचे पाय भरतनाट्यममध्ये बघायच्या, मी माझ्या लेकीचे दंड बघायचे.

फरहीन तिथंच भेटली. मुजावर गुरुजींची धाकटी. काटकुळी, मोठ्या डोळ्यांची. दम्यासाठी डॉक्टरांनीच तिला सांगितलं होतं, व्यायाम कर, छाती मजबूत होईल. आली होती श्वासासाठी, पण वजनाला हात लावला आणि नानांचे डोळेच चमकले. "काकू, ही पोरगी नाही, जॅक आहे," म्हणायचे. दोन वर्षांत ती सोनलच्या पुढं गेली. दोघींना पोलिसात जायचं होतं. राज्याच्या स्पर्धेत नंबर काढला की खेळाडूंच्या जागेवरून अर्ज करता येतो, असं नानांनी डोक्यात भरवलेलं. सोनलला जायची इच्छा होती, फरहीनला मात्र त्याचं वेड होतं. ती माझ्या दारात उभी राहून, पोलिसांसारखा सलाम ठोकून विचारायची, "काकी, कशी दिसेन मी खाकीत?"

"आधी चार घास खा, म्हणजे खाकी अंगावर राहील तरी," मी म्हणायची.

त्याच शनिवारी नानांनी सगळ्यांना बोलावलं. मी जुडीची रिकामी पिशवी घेऊन निघालेच होते, पण पाय निघेना. थांबले.

"उद्यापासून," नाना म्हणाले, "सेंट, अत्तर, स्प्रे, वासाचं तेल, सगळं बंद. घरी लावा, लग्नात लावा, इथं नाही."

झालं, एकच गलका.

"नाना, मी इथनं थेट दुकानात जातो," संदेश म्हणाला. "गिऱ्हाइकासमोर काय घामट उभा राहू?"

"बाहेर जाऊन मार. रस्ता मोठा आहे."

बँकेतल्या कुलकर्णी बाई सकाळी वजन कमी करायला यायच्या. त्या म्हणाल्या, "आणि घामाच्या वासाचं काय हो नाना? काही लोकांच्या शेजारी उभं राहवत नाही. सेंट बंद करताय तर ते आधी बंद करा!"

"घामाला मी नको म्हटलं बाई, तर मला व्यायामशाळेला कुलूप लावून भजी तळायला बसावं लागेल."

सगळे हसले. संदेश मात्र पेटलाच होता. "पण एका पोरीसाठी पन्नास जणांनी का सोसायचं? तिला त्रास होतो तर तिनं वेगळ्या वेळेला यावं."

"एकीसाठीच," नाना म्हणाले. "पन्नास जणांना वास येतो. श्वास तिचा एकटीचा अडकतो. तुझा नाही ना अडकत? मग तू सोस."

मला इतकं बरं वाटलं. मान डोलवली मी. आणि तेवढ्यात तो संदेश फणकाऱ्यानं म्हणाला, "मग ती मारुतीपुढची उदबत्ती चालते होय? तिचा वास नाही का?"

कुलकर्णी बाईंनी पदर सावरला. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझ्या डब्यातला वास आणि देवाचा वास एक होय रे?" मी म्हणाले. "जीभ झडेल तुझी!"

"काकू, थांबा." नानांनी हात वर केला. न्यायी माणूस होता तो. फरहीनकडं वळले आणि सगळ्यांदेखत विचारलं, "पोरी, तूच सांग. उदबत्तीचा त्रास होतो का तुला? होत असेल तर तसं सांग."

पन्नास डोकी तिच्याकडं वळली. फरहीननं एकदा कोनाड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, माझ्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडं बघितलं.

"नाही नाना," ती म्हणाली. "उदबत्तीनं काही होत नाही मला."

"ऐकलंस?" मी संदेशला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली. वासाचं काही लावून आत येऊ नये, हुकमावरून. आणि लोकांनी ती पाळली बरं का. कुरकुरले, पण पाळली. कुलकर्णी बाईंनी गजरा सोडला. संदेश बाहेर रस्त्यावर उभा राहून फवारे मारायचा. लोकांना वाटायचं, बघा, एका पोरीसाठी केवढं केलं आपण. मलाही तसंच वाटायचं.

महिनाभरानं ईद आली. फरहीनच्या आईनं, शबाना भाभींनी, शिरखुर्म्याचा डबा घेऊन स्वतः आमच्या घराला पाय लावले. बोलता बोलता सांगायला लागल्या, "यंदा ह्यांनी अत्तर नाही लावलं, वहिनी. जिंदगीत पहिल्यांदा. नमाजला जाताना हात नुसता शिशीकडं जायचा आणि मागं यायचा. मी म्हटलं, लावा थोडं, तर म्हणाले, लेकीच्या श्वासापुढं काय अत्तर नि काय!"

मला भरून आलं. गुरुजींचं अत्तर गावात प्रसिद्ध. ते पुढच्या गल्लीतून गेले तरी मागच्या गल्लीत कळायचं. त्या माणसानं ईदला अत्तर सोडलं! भाभी गेल्या. मनात आलं, बापानं एवढं केलं, नानांनी एवढं केलं, पोरगी मला काकी काकी करते, माझ्या सोनलच्या जिवाला जीव देते. मी काय केलं तिच्यासाठी?

आणि मग मी नवस बोलले.

मारुतीला म्हटलं, बाबा, ह्या पोरीची छाती मोकळी कर, हिला राज्याला पोचव. तोवर दर शनिवारी हिच्या नावानं तुला वेगळी जुडी. आणि ती बाजारातली नाही हां, माझ्या हातची. चंदन घेतलं, राळ घेतली, लोबान घेतला. लोबान मुद्दाम घेतला, की दर्ग्यातला ओळखीचा वास आहे, पोरीला आपला वाटेल. एकेक काडी करंगळीएवढी जाड वळली. इतक्या मनापासून मी आयुष्यात दुसरी उदबत्ती केली नाही.

मी लोबान कुटत बसले होते त्या दिवशी फरहीन आली. दारातच थांबली.

"काकी, जरा बोलायचं होतं."

"ये की आत. हे बघ, तुझ्यासाठीच चाललंय."

"माझ्यासाठी?"

मी सगळं सांगितलं. नवस, जुडी, लोबान. सांगताना माझेच डोळे पाणावले. ती दारातून माझ्याकडं बघतच राहिली.

"कशाला एवढं, काकी?" ती हळूच म्हणाली.

"गप बस. तुझा दमा कसा पळवून लावते बघ. आणि तू काय बोलणार होतीस?"

"काही नाही. असंच आले होते."

मग आत आली, मला मिठी मारली. ही तिची सवय होती. माझ्या गळ्यात पडायची आणि निश्चल उभी राहायची, दगडासारखी. मी तिच्या पाठीवर थाप मारली.

"श्वास काय रोखतेस गं? मला उचलायची आहेस का?"

ती मागं सरकून हसली. "सवय लागली, काकी. नाना म्हणतात ना, वजन धरायच्या आधी श्वास भरायचा आणि रोखायचा."

"म्हणजे मी वजन होय! ऐकलंस का सोनल, तुझी मैत्रीण मला वजन म्हणते!"

आतून सोनल म्हणाली, "शंभर किलो नक्की!" आणि आम्ही तिघी खो खो हसलो.

त्यानंतर दर शनिवारी कोनाड्यात दोन जुड्या. गोदामाला खिडकी एकच, तीही थंडीमुळं बंद. धूर आतच फिरायचा, नाना म्हणायचे, आता कसं देवळासारखं वाटतंय. फरहीन मात्र शनिवारी यायची टाळाटाळ करायला लागली. कधी पोट दुखतं, कधी घरी पाहुणे. आली तरी दाराशी घुटमळायची. नाना चिडायचे, "बाकी दिवस वाघीण, शनिवारी शेळी! काय भानगड आहे?" सोनलही वैतागली होती. मीच सगळ्यांना समजवायची की पोरीला दमा आहे, थंडी आहे. आणि मनात म्हणायची, जुडी आणखी जाड करायला पाहिजे.

राज्याला जिल्ह्यातून दोघींच्या वजनगटात एकच पोरगी जाणार होती आणि नानांना आपल्याकडूनच ती द्यायची होती. सोनल की फरहीन, ते ठरवायला त्यांनी चाचणी ठेवली. दोघींना तीन तीन संधी. जमिनीवरचा बार उचलायचा, मांडीपर्यंत आणायचा, ताठ उभं राहायचं. जी जास्त वजन उचलेल, ती जाणार. आणि चाचणी कधी, तर शनिवारी. मारुतीचा वार, शुभ काम. नानांना दुसरा वार सुचलाच नसता.

मी खरं सांगते, त्या दिवशी मी माझ्या लेकीसाठी काही मागितलं नाही. सोनल पोटची आहे, तिचं काय, तिला मी आहेच. मी फरहीनची सगळी जुडी एकदम पेटवली. कोनाडा धुरानं भरून गेला, मारुतीचे डोळेसुद्धा दिसेनात.

सोनलनं आपलं वजन उचललं. चांगलं उचललं. पण त्याहून जास्त फरहीननं मंगळवारी सरावाला सहज उचललं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. नानांनी बारला चकत्या चढवल्या. फरहीन बाहेर रस्त्यावर उभी होती.

"अगं आत ये! अंग गार पडेल!" नाना ओरडले.

ती आली. वाकली, बार धरला.

"श्वास भर!" नाना म्हणाले. "पोटापर्यंत भर!"

तिनं श्वास घेतला आणि घेतानाच तिला खोकला आला. बार गुडघ्यापर्यंत आला आणि धाडकन खाली पडला. सगळे चुकचुकले. फरहीन तोंडाला रुमाल लावून दाराकडं निघाली. मी धावत गेले, तिचा हात धरला.

"कुठं चाललीस? घाबरलीस होय गं? चल, मारुतीच्या पाया पड आधी."

"काकी, नको. मला जरा बाहेर..."

"बाहेर काय आहे? चल म्हणते ना!"

मी तिला ओढत कोनाड्यापाशी नेलं. तिचं डोकं हातानं धरून खाली टेकवलं. "म्हण, बळ दे. डोळे मिट आणि मोठा श्वास घे." तिच्या पाठीवर हात ठेवून मी तिथंच उभी राहिले, हलू दिलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, भक्तीनं वाहतंय.

दुसऱ्या वेळी बार जमिनीवरून सुटलासुद्धा नाही. तिसऱ्या वेळी ती बारपाशी गेलीच नाही. दारातूनच नानांना हात हलवून नाही म्हणाली आणि चपला हातात घेऊन निघून गेली.

सोमवारी आली नाही. मंगळवारी आली नाही. मग कधीच आली नाही.

सोनलला आपण जिंकल्याचा आनंद झाला नाही, उलट रागच आला. "शेपूट घातलं तिनं, आई," म्हणाली. "माझ्यापेक्षा जास्त ताकद होती तिच्यात. लढून हरली असती तर मी तिच्या पाया पडले असते." मी एकदा मुजावरांच्या घरी जाऊन आले. फरहीननं खुर्च्या अंगणात टाकल्या, आम्ही उघड्यावरच चहा प्यायलो. निघताना ती म्हणाली, "काकी, तो नवस सोडून द्या हां. माझ्यामुळं तुम्हाला अडकायला नको." मी चिडलेच. नवस काय असा सोडून देता येतो? म्हटलं, देवानं नाही ऐकलं, त्याला तू काय करणार! ती मान खाली घालून कपबश्या गोळा करत राहिली.

सोनल राज्याला गेली, तिसरी आली. पुढं पोलिसात लागली, पुण्याला गेली, संसाराला लागली. दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. एकमेकींशिवाय पाणी न पिणाऱ्या पोरी, पण लग्नात एकमेकींना पत्रिका टाकण्यापलीकडं काही उरलं नाही. नाना गेले, गोदामाच्या जागी दुकानं झाली. मारुती तेवढा कुणीतरी पारावर नेऊन बसवला.

आणि परवा, म्हणजे गेल्या मार्गशीर्षात, मला फोन आला. "काकी, ओळखलंत का? फरहीन बोलतेय. विट्याला बायकांसाठी जिम काढलीय. उद्घाटनाला या. सोनललाही सांगितलंय."

सोनलला बंदोबस्त होता. मी म्हटलं, मी जाणार. हात आता थरथरतात, काड्या वळणं कधीच सोडलं, पण त्या दिवसासाठी पुन्हा पाट मांडला. चंदन, राळ, लोबान. एक जुडी केली, चांगल्या कागदात गुंडाळली आणि एसटीत बसले.

जिम छान होती. मोठ्या मोठ्या खिडक्या, सगळ्या उघड्या. दारावर पाटी होती, अत्तर, सेंट, स्प्रे, गजरा, वासाचं तेल, काहीही लावून आत येऊ नये. वाचून मला नानांची आठवण आली. म्हटलं, गुरूचं नाव राखलं पोरीनं. दाराशी शबाना भाभी खुर्ची टाकून बसल्या होत्या, केस पांढरेशुभ्र झालेले. मला बघून उठल्या, हात हातात घेतले. मग त्यांची नजर पिशवीवर गेली.

"वहिनी, यात काय आणलंत?"

"दुसरं काय आणणार? माझ्या हातची जुडी. पहिल्या दिवशी नको का लावायला?"

भाभींनी इकडं तिकडं बघितलं. "बुरा मानू नका. ती बाहेरच राहू द्या. फरहीनला उदबत्ती चालत नाही."

"चालत नाही? कधीपासून?"

"लहानपणापासून! सेंटनं नुसता खोकला यायचा तिला, धुरानं तर छातीच बंद व्हायची." त्या माझ्याकडं बघायला लागल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं? मी तर सांगणार होते हो, ईदला आले तेव्हा. तिनं शपथ घातली होती. म्हणाली, काकींना नाही सांगायचं."

मी पायरीवरच बसले. त्या गोदामातले सगळे शनिवार डोळ्यांपुढून गेले. खिडकी बंद. दोन जुड्या. पोरीचं डोकं धरून मी कोनाड्यात टेकवलं होतं आणि म्हटलं होतं, मोठा श्वास घे.

फरहीन बाहेर आली. अंगानं भरली होती, खेळाडूच्या पोशाखात, गळ्यात शिट्टी. आईचं तोंड बघितलं, माझं बघितलं, पिशवी बघितली. तिला सगळं कळलं.

"का नाही सांगितलंस गं?" मी विचारलं.

ती खालच्या पायरीवर, माझ्यापासून हातभर लांब बसली. "नानांनी सगळ्यांपुढं विचारलं, काकी. मारुतीची उदबत्ती बंद करा, असं मी म्हणायचं? मी? कुणी काही बोललं नसतं कदाचित. पण मला नाही धाडस झालं."

"मग मला एकटीला सांगायचंस! माझ्या कानात सांगायचंस!"

"आले होते की सांगायला. तुम्ही लोबान कुटत होता. म्हणालात, तुझ्यासाठीच चाललंय."

मला हुंदका आवरेना. "वेडे, मी त्या क्षणी उखळ पालथं घातलं असतं. मारुतीला म्हटलं असतं, बाबा, तू रुईच्या पानांवर भागव, पोरीचा जीव जातोय. तो काय नाही म्हणणार होता? तुझ्या बापानं ईदला अत्तर सोडलं, मला एक जुडी सोडवली नसती का?"

"सोडवली असती," ती म्हणाली. "आता कळतं मला. तेव्हा विसाव्या वर्षी नाही कळलं. तेव्हा वाटलं, एवढ्या प्रेमानं करतायत, मोडायचं कसं?"

"तुझी खाकी गेली गं."

"गेली," ती म्हणाली. उगाच गोड बोलली नाही. "खूप रडले काकी. सोनलच्या फोटोत वर्दी बघितली तेव्हा तर फारच."

"सोनलला वाटतं, तू भिऊन पळालीस. अजून तसंच वाटतं तिला."

"सांगू नका. तुमच्यावर चिडेल."

एवढं होऊनही पोरगी माझीच काळजी करत होती. मी उठले, पिशवी रस्त्याच्या कडेला कठड्यावर ठेवून आले. पदरानं तोंड पुसलं. आज रात्रीच सोनलला फोन लावायचा, सगळं सांगायचं, चिडली तर चिडू दे, असं मनाशी ठरवलं.

"चला आत," फरहीन म्हणाली. "फीत तुमच्याच हातानं कापायची आहे."

आणि मग पहिल्यासारखी पुढं आली, माझ्या गळ्यात पडली, घट्ट. मी सकाळी न्हाणं केलं होतं, धुतलेलं लुगडं नेसले होते. मला तर कसलाच वास येत नव्हता. पण दोन दिवस त्या पाटावर बसले होते मी, केसांत, हातांत, सगळीकडं असणारच तो.

मी तिच्या पाठीवर हात फिरवला. पाठ हलत नव्हती. पोरगी श्वास रोखून उभी होती.

"सोड गं," मी म्हणाले. "आधी श्वास घे."